दुखापतीनंतर पुन्हा व्यायामाकडे : पर्सनल ट्रेनरसोबत परतताना

फिजिओथेरपिस्टने "आता रोज येण्याची गरज नाही" असे सांगितल्यापासून पूर्वीसारखा मोकळेपणाने व्यायाम करता येईपर्यंत जो काळ जातो, त्याची जबाबदारी आपल्याकडे सहसा कोणीच घेत नाही. नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून हाड जुळल्याचे सांगितलेले असते, फिजिओथेरपिस्टने गुडघा पुरेसा वाकू लागल्याची खात्री करून घेतलेली असते आणि जिमच्या काउंटरवर तीन महिन्यांच्या पॅकेजचा कागद तयार असतो. पण नीट चालता येणे आणि खांद्यावर वजन घेऊन बैठक मारता येणे यांच्यामधला टप्पा कसा पार करायचा, हे यांपैकी कोणीही बसवून सांगत नाही. दुखणे थांबलेले असते, मन उतावीळ झालेले असते, आणि पुन्हा दुखापत होण्याचा धोका नेमका याच वेळी मोठा असतो. जाणत्या पर्सनल ट्रेनरचा खरा उपयोग याच टप्प्यावर होतो, म्हणून पुढील मार्गदर्शन या मधल्या काळापुरतेच लिहिले आहे. त्यातील मुख्य सूत्र एकच आहे : आजचा व्यायाम योग्य होता की जास्त झाला, याचा निकाल आज जिममध्ये लागत नाही, तो उद्या सकाळी लागतो.

शरीर आतून भरून येण्याचा वेग आधी समजून घ्यावा, कारण ट्रेनरशी होणारे निम्मे वाद वेळेवरूनच होतात. दुखापतीनंतरचे पहिले काही दिवस सूज आणि दाह यांचे असतात. त्यानंतरचे काही आठवडे नवी ऊती तयार होण्याचे असतात. आणि ही नवी, काहीशी विस्कळीत ऊती ताण सोसण्याजोगी घट्ट व्हायला पुढे कित्येक महिने, कधी कधी वर्षभरही लागते. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असल्याने ते तुलनेने लवकर सावरतात, हाड साधारणपणे सहा ते बारा आठवड्यांत जुळते, पण लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा) आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची चाल फार मंद असते. त्यामुळे एक फसवी अवस्था येते. दोन महिन्यांच्या व्यायामाने मांडीचा स्नायू जोमाने काम करू लागतो, माणसाला आपण पूर्ण बरे झालो असे वाटते, आणि ज्या टेंडनने तो जोर हाडापर्यंत पोहोचवायचा ते मात्र अजून मागेच रेंगाळत असते.

केवळ विश्रांतीने हा प्रश्न सुटत नाही, हेही तितकेच खरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी गुडघ्याच्या दुखापतींनी अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांना हलक्या हालचालींऐवजी टप्प्याटप्प्याने वाढत जाणारे वजन उचलायला लावले आणि 1945 मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. आज जगभरच्या जिममध्ये दहा-दहा वेळांचे सेट मारले जातात, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या दुखापतग्रस्तांच्या वॉर्डात आहे. योग्य मात्रेतला भार हा उपचारच असतो. प्रश्न फक्त मात्रेचा असतो, आणि ती मात्रा मोजून देणारा माणूस हवा म्हणून ट्रेनरकडे जायचे असते.

जिममध्ये पाऊल टाकण्यापूर्वी

ट्रेनर शोधण्याआधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून लेखी चिठ्ठी मिळवावी. "व्यायामास हरकत नाही" एवढ्या एका ओळीचा ट्रेनरला काहीच उपयोग होत नाही. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधले एम्स या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ थोडा असतो, आणि खासगी दवाखान्यातही रांग असतेच. त्यामुळे प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे त्याच कागदावर मागावीत. कोणती हालचाल अजून वर्ज्य आहे आणि कधीपर्यंत, सांधा किती वाकवावा, त्या पायावर शरीराचे पूर्ण वजन घेऊन उड्या मारायला परवानगी कधी मिळेल, शस्त्रक्रिया झाली असल्यास नेमके काय शिवले किंवा काय बसवले, आणि पुन्हा तपासायला कधी यायचे, एवढे विचारले तरी पुष्कळ होते. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा अहवाल यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर तेही चिठ्ठीवर यायला हवे. मधुमेह असलेल्यांच्या जखमा सावकाश भरतात आणि त्यांना खांदा आखडण्याचा त्रासही अधिक होतो, ही गोष्ट ट्रेनरला ठाऊक असतेच असे नाही.

काही लक्षणे असतील तर जिमचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडेच जावे. विश्रांती घेत असतानाही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, हातापायात वाढत जाणारी बधिरता किंवा कमजोरी, गुडघा मध्येच अडकणे किंवा चालताना दगा देणे ही त्यातली काही होत. बराच काळ प्लास्टरमध्ये राहिलेल्या पायाची पोटरी एकाएकी सुजून गरम झाली, तर ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते. अशा पोटरीला तेल लावून चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचे नियंत्रण बिघडले किंवा बसण्याच्या जागी बधिरता आली, तर एक तासही वाया घालवू नये.

ट्रेनर कसा निवडावा

ट्रेनरचे दंड पाहून ट्रेनर निवडू नये. त्याचे स्वतःचे शरीर घडवण्याचे कौशल्य आणि दुसऱ्याचे दुखावलेले शरीर सांभाळण्याचे कौशल्य यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. पॅकेज घेण्यापूर्वी जिममध्ये अर्धा तास नुसते बसून त्याचे काम पाहण्याची परवानगी मागावी, आणि या अर्ध्या तासात त्याचे डोळे कुठे असतात ते पाहावे. समोरचा माणूस बैठक मारत असताना ट्रेनर त्याच्या गुडघ्यांकडे, टाचांकडे आणि पाठीकडे पाहत असेल तर ती चांगली खूण आहे. तो मोबाइलमध्ये गुंतून तोंडाने फक्त आकडे मोजत असेल तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर त्याच्याशी बोलावे. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे, छातीवर दाब देऊन प्राण वाचवण्याचे प्रशिक्षण घेतले आहे का, माझ्यासारखी दुखापत असलेल्या कोणासोबत काम केले आहे का आणि तेव्हा काय केले, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तुम्हाला काय विचारतो ते ऐकावे. चिठ्ठी मागणारा, जिना उतरताना दुखते की चढताना असे विचारणारा, "तुमच्या फिजिओचा नंबर द्या, मी त्यांच्याशी बोलून घेतो" असे म्हणणारा ट्रेनर मिळाला तर त्याला सोडू नये. याउलट, डॉक्टर उगाच घाबरवतात असे सांगणारा, हाताने सांधा कडकन वाजवून देण्याची तयारी दाखवणारा, किंवा पहिल्याच भेटीत प्रोटीन पावडरचा डबा पुढे करणारा माणूस कितीही गोड बोलला तरी टाळावा. दुखण्याचे निदान करणे आणि सांध्यावर हाताने उपचार करणे हे ट्रेनरचे काम नाही. फिजिओथेरपिस्टकडे त्या विषयाची पदवी असते आणि महाराष्ट्रात त्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र परिषद आहे. ट्रेनरच्या पेशाला अशी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे पारखून घेण्याचा भार आपल्यावरच येतो.

वेळही विचारपूर्वक ठरवावी. सकाळी आणि संध्याकाळी नोकरदारांची जी गर्दी उसळते, त्या वेळी एकच ट्रेनर तिघाचौघांना एकदम सांभाळत असतो आणि हवे ते यंत्र रिकामे मिळत नाही, म्हणून पहिले दोन महिने तरी कमी गर्दीची वेळ मागून घ्यावी. तो तास फक्त तुमच्यासाठी असेल का, दुखणे उलटले तर पॅकेज काही आठवडे थांबवता येईल का, आणि ट्रेनर सोडून गेला तर काय, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे. ज्या स्त्रियांना पुरुष ट्रेनरकडून हात लावून शिकवून घेणे अवघड वाटते त्यांनी ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. हात लावण्याआधी विचारणे हा कोणत्याही ट्रेनरच्या कामाचा भाग आहे, त्यात उपकार नाहीत.

पहिली भेट मोजण्याची

पहिल्या दिवशी घाम निघाला नाही म्हणून पैसे वाया गेले असे समजू नये. हा दिवस मोजण्याचा असतो, आणि दुखऱ्या बाजूची तुलना नेहमी निरोगी बाजूशी करायची असते, शेजारच्या मशीनवरच्या तरुणाशी नव्हे.

गुडघ्याचेच उदाहरण सविस्तर पाहू. वर्धा मार्गावर दुचाकी घसरून लिगामेंट दुखावलेल्या आणि आता बिनदिक्कत चालणाऱ्या एका पंचेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेची कल्पना करावी. ट्रेनर साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतो, तिला त्यावर बसवतो आणि हात छातीवर बांधून आधी दोन्ही पायांवर, मग चांगल्या पायावर व शेवटी दुखऱ्या पायावर उठायला सांगतो. दोन पायांवर उठताना सारे ठीक दिसते. पण नीट पाहिले तर शरीराचे वजन हळूच चांगल्या पायाकडे सरकलेले असते. दुखऱ्या पायावर उठण्याचा प्रयत्न करताना गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेतून आत कलतो, कंबर एका बाजूला झुकते, पंजाची कमान खाली बसते. तिला वेदना काहीच नसते, आणि तरीही गुडघ्याभोवतीचे व नितंबाचे स्नायू अजून कामावर परतलेले नाहीत हे या एका हालचालीत कळते. त्यानंतर मोजपट्टीने गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर मोजतात. वाळलेली मांडी अनेकदा पँटमध्ये लपून राहते, मोजपट्टीपुढे तसे होत नाही. हे आकडे वहीत लिहून ठेवायचे आणि दर महिन्याला त्याच जागी पुन्हा मोजायचे.

घोटा मुरगळलेला असेल तर भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता, गुडघा भिंतीला टेकवायला सांगतात आणि अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते दोन्ही बाजूंनी मोजतात. एका पायावर तीस सेकंद उभे राहता येते का, हेही पाहतात. मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो यामागे सैल झालेल्या लिगामेंटइतकाच बिघडलेला तोल कारणीभूत असतो. खांद्यासाठी भिंतीला पाठ टेकवून दोन्ही हात वर नेण्याची आणि कंबरेसाठी पाठीवर काठी धरून नितंबातून वाकण्याची चाचणी पुरेशी असते.

वेदनेची वही

दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि ती जिमच्या पिशवीतच ठेवावी. वेदना शून्य ते दहा या मापाने लिहायची : शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढी वाईट. प्रत्येक व्यायामापुढे वजन, किती वेळा, किती सेट आणि त्या वेळची वेदना एवढे लिहावे, आणि एक रकाना रिकामा सोडावा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी भरायचा. उदाहरणार्थ, मंगळवारच्या ओळीत "लेग प्रेस, 20 किलो, 10 वेळा, 3 सेट, वेदना 2" असे असेल (लेग प्रेस म्हणजे बसून पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र), तर बुधवारी सकाळी पलंगावरून उठून पहिल्या काही पायऱ्या उतरल्यावर "वेदना 1, सूज नाही" असे लिहायचे.

बहुतेक किरकोळ आणि मध्यम दुखापतींसाठी फिजिओथेरपिस्ट साधारण असा नियम सांगतात की व्यायाम करताना दोन-तीनपर्यंतची वेदना चालते, चार-पाचवर थबकून वजन किंवा हालचालीचा आवाका कमी करायचा आणि त्यापुढे गेली तर तो व्यायाम त्या दिवसापुरता सोडायचा. मात्र हाड नुकतेच जुळले असेल किंवा शस्त्रक्रिया ताजी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली मर्यादाच पाळावी. सकाळचा रकाना या सगळ्याहून निर्णायक असतो. चोवीस तासांत वेदना आधीच्या पातळीवर परत आली आणि सूज वाढली नाही, तर कालची मात्रा योग्य होती. सकाळी सांधा जड, सुजलेला किंवा नेहमीपेक्षा जास्त आखडलेला असेल तर ती जास्त झाली. अशा वेळी व्यायाम बंद करून पंधरा दिवस घरी बसण्याची गरज नसते, ज्या वजनावर सकाळ चांगली गेली होती त्या वजनावर परत यायचे असते. आपल्याकडे एक तर दात-ओठ खाऊन रेटायचे नाहीतर जिमच सोडायची, अशी दोन टोकांची सवय आहे, आणि बरे होण्याचा मार्ग या दोहोंच्या मधून जातो.

व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी येणारा स्नायूंचा ठणका वेगळा ओळखावा. तो मांडीच्या किंवा दंडाच्या मांसल भागात पसरलेला असतो, बहुधा दोन्ही बाजूंना असतो आणि तीन दिवसांत ओसरतो. बोट ठेवून दाखवता येईल अशी सांध्यातली वेदना, टोचल्यासारखी कळ किंवा एकाच बाजूची सूज हा ठणका नव्हे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : दुखू नये म्हणून व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊन जिममध्ये जाऊ नये. ज्या सूचनेवर सगळा हिशेब उभा आहे, तीच सूचना अशा गोळीने दाबली जाते.

मात्रा वाढवताना

क्रम असा असावा की आधी सांध्याची हालचाल मोकळी व्हावी, मग ती हालचाल डळमळ न होता करता यावी, मग तिच्यात वजन यावे, मग वेग यावा आणि उड्या व दिशा बदलणे सर्वांत शेवटी यावे. या क्रमात घाई करणारा ट्रेनर तुमचा वेळ वाचवत नसतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : वजन वाढवले तर वेळा त्याच ठेवाव्यात, वेळा वाढवल्या तर वजन तेच ठेवावे, नवा व्यायाम आणला तर बाकी सगळे जसेच्या तसे ठेवावे. असे केले तरच बुधवारची सकाळ बिघडली तर ती कशामुळे बिघडली हे कळते. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, आणि एकाच भागाच्या दोन सत्रांमध्ये सुमारे अठ्ठेचाळीस तासांचे अंतर, एवढे पहिल्या दोन महिन्यांसाठी पुरेसे आहे. सुरुवातीचे वजन असे निवडावे की सेट संपल्यावर अजून तीन-चार वेळा सहज करता आले असते असे वाटावे.

शिक्षिकेच्या गुडघ्याकडे परत येऊ. तिच्या पहिल्या दोन आठवड्यांत भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठकीत स्थिर राहणे, पाठीवर झोपून नितंब उचलणे, सरळ पाय उचलणे आणि स्थिर सायकल एवढेच असू शकते. स्थिर राहून ताण धरण्याच्या व्यायामात सांधा हलत नाही, त्यामुळे स्नायूला काम मिळते आणि सांध्याची चिडचिड कमी होते. पुढे खुर्चीवरून उठणे-बसणे येते, त्यात खुर्चीची उंची हळूहळू कमी करतात. मग लेग प्रेस, मग छोट्या पायरीवरून दुखऱ्या पायाच्या ताब्यात राहून सावकाश खाली उतरणे. हे उतरणे कंटाळवाणे वाटते, पण त्यात स्नायू लांबत असताना भार सोसायला शिकतो आणि रोजच्या जीवनात गुडघा दगा देतो तो बहुतेक उतरतानाच. चांगल्या पायालाही व्यायाम द्यायचाच असतो. एका बाजूचे बळ वाढवले तर मज्जासंस्थेच्या वाटेने दुसऱ्या बाजूलाही काही लाभ पोहोचतो, हे अभ्यासांतून दिसलेले आहे, आणि प्लास्टरमध्ये असलेल्यांसाठी ही मोठीच सोय आहे.

टाचेच्या मागचे टेंडन दुखत असेल तर पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, बारा आठवडे नेटाने करण्याची पद्धत स्वीडनचे डॉक्टर आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून ती सोडून देणाऱ्यांनी हा बारा आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवावा. खांद्यासाठी रबरी बँडने बाहेरच्या बाजूला खेचणे आणि पाठीच्या पंखांसारख्या हाडांना आधार देणारे रोइंगचे (वल्हवल्यासारखे मागे खेचण्याचे) प्रकार आधी, डोक्यावर वजन नेणे फार नंतर. कंबरेसाठी वाकण्याची भीती घालवणे हेच पहिले काम असते. रिकाम्या काठीने सुरू करून हलक्या डंबेलपर्यंत जायचे आणि जमिनीवरून उचलण्याआधी ठोकळ्यावर ठेवलेले वजन उचलायचे.

या सगळ्यात ट्रेनरचे बोलणेही औषधासारखे काम करते. "तुमचा गुडघा खराब आहे" हे वाक्य माणसाच्या मनात वर्षानुवर्षे राहते आणि तो जिना टाळू लागतो. त्याऐवजी "काकू, आज इतकंच करू. उद्या सकाळी पायऱ्या उतरताना कसं वाटते, ते फोन करून सांगा जी" एवढे आपुलकीने सांगितले तरी समोरच्या व्यक्तीला आपला हिशेब कोणीतरी ठेवत आहे असा विश्वास येतो. भीती वाटत असेल तर ती लपवू नये, आणि ट्रेनरनेही ती हसण्यावारी नेऊ नये. ज्या हालचालीची भीती वाटते तीच हालचाल सोप्या रूपात, त्याच्या देखरेखीखाली, पुन्हा पुन्हा करणे हाच त्यावरचा उपाय आहे.

नागपूरचे ऊन, रस्ते आणि ताट

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रात्रीही हवा निवत नाही, त्यामुळे मैदानावरचा भाग पहाटेच उरकावा आणि वातानुकूलित जिममधून थेट उन्हात जाण्यापूर्वी दहा मिनिटे सावलीत थांबावे. ज्यांचा व्यायाम अनेक महिने बंद होता त्यांचे शरीर उष्णतेलाही अपरिचित झालेले असते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत वेळ आणि जोर दोन्ही कमी ठेवावेत, आणि चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली तर सत्र तिथेच थांबवावे. हिवाळ्यात उलट अडचण येते; गार पहाटे सांधे आखडलेले असतात, म्हणून वॉर्म-अपची वेळ जवळजवळ दुप्पट करावी.

धावण्याकडे परतताना जागेची निवड महत्त्वाची ठरते. शहरातले अनेक रस्ते आता सिमेंटचे आहेत आणि कडक पृष्ठभागावर एकदम लांब धावले तर नडगी व टाच कुरकुरू लागतात, त्यामुळे सुरुवात मातीच्या मैदानावर, एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी करावी. सलग अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशी काही त्रास होत नसेल तेव्हाच हा टप्पा घ्यावा. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार मनाला कितीही मोहवणारा असला तरी गुडघेवाल्यांनी तो काही महिने बाजूला ठेवावा, कारण तिथला उतार चढापेक्षा अधिक भारी पडतो. पावसाळ्यात फुटाळा किंवा अंबाझरीच्या बाजूला शेवाळलेल्या फरशीवर भरभर चालणे घोट्याच्या रुग्णांनी टाळावे.

खाण्याबाबत थोडक्यात सांगायचे तर दुखापत भरताना प्रथिने कमी पडू देऊ नयेत. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने हे माप सर्वसाधारणपणे धरतात, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला दिवसाला 72 ते 96 ग्रॅम. सकाळी नुसत्या तर्री-पोह्यांवर निघणाऱ्यांना हे गाठणे कठीण जाते. त्यात दोन उकडलेली अंडी, वाटीभर मोड आलेले मूग किंवा दही यांची जोड द्यावी, आणि जेवणात वरण, पनीर, सोयाबीन, मासे किंवा चिकन यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हे माप डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. झोप कमी झालेल्या दिवशी वजन वाढवू नये.

खेळाकडे आणि ट्रेनरविना व्यायामाकडे

क्रिकेट, फुटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन अशा एकदम वळावे लागणाऱ्या खेळांकडे परतण्यासाठी वेगळी परीक्षा लागते. गुडघ्याला आतून स्थिर ठेवणाऱ्या एसीएल या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंवर नॉर्वे आणि अमेरिकेत मिळून झालेला एक अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जेवढे लांबवले, तेवढ्या प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. त्यामुळे नऊ महिन्यांआधी मैदानात उतरू नये, आणि नऊ महिने झाले म्हणजे आपोआप परवानगी मिळाली असेही मानू नये. दुखऱ्या मांडीचे बळ निरोगी मांडीच्या किमान 90 टक्के भरले पाहिजे, एका पायावर मारलेल्या उडीचे अंतरही त्याच प्रमाणात यायला हवे, आणि उडीनंतर गुडघा आत न कलता पाय स्थिर टेकला पाहिजे. या चाचण्या ट्रेनर आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून घ्याव्यात. पहिले काही आठवडे फक्त सराव, मग अर्धा सामना, मग पूर्ण सामना, अशी चढण ठेवावी. रेशीमबागेच्या मैदानावर रविवारी मित्रांनी हाक मारली म्हणून थेट सामन्यात उतरणे हे नऊ महिन्यांची मेहनत पणाला लावणे होय.

ज्यांना खेळायचे नाही, केवळ नातवंडांना उचलून घ्यायचे आहे किंवा पंढरीची वारी करायची आहे, त्यांची परीक्षा त्या त्या कामाची असावी. नातू बारा किलोचा असेल तर बारा किलोची पिशवी जमिनीवरून उचलून छातीशी धरून वीस पावले चालता आले पाहिजे; वारीला जायचे असेल तर सलग दोन दिवस मोठे अंतर चालून तिसऱ्या दिवशीची सकाळ वहीत काय सांगते, ते पाहिले पाहिजे.

ट्रेनरचा आधार एकाएकी तोडू नये, पण कायमचाही धरू नये. आठवड्यातून तीन सत्रांवरून दोन, मग एक, आणि मग महिन्यातून एकदा फक्त मोजमाप व नव्या तक्त्यासाठी, असे अंतर वाढवत न्यावे. त्याच्या उपस्थितीत जे वजन सहज उचलता येते त्यापेक्षा थोडे कमी वजन एकट्याने करताना सुरुवातीला घ्यावे, कारण चूक सुधारणारी नजर आता समोर नसते. शेवटच्या सत्रात त्याच्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : आठवड्याला किमान कोणते चार-पाच व्यायाम सोडायचे नाहीत, आणि प्रवास, लग्नसराई किंवा आजारपणामुळे तीन आठवडे खंड पडला तर कोणत्या वजनावरून पुन्हा सुरुवात करायची. दुखरी बाजू पुन्हा कुरकुरली तर लागोपाठ तीन सकाळींची नोंद घेऊन, त्या वहीसह आधी फिजिओथेरपिस्टला भेटावे आणि मग ट्रेनरला फोन करावा.